वरण थंडच, थाळी मात्र फिरतेय

दिवा लागतो, थाळी फिरते, पंख्याची घरघर येते, वेळ संपली की बीपही वाजतो; आणि वरण मात्र ठेवलं तसं थंडगार. मायक्रोवेव्हबद्दलची ही अगदी नेहमीची तक्रार. मेकॅनिकला फोन लावला की यंत्र न बघताच पलीकडून निदान येतं, ‘मॅग्नेट्रॉन गेला असेल.’ कधी ते खरं निघतं, पुष्कळदा निघत नाही. मॅग्नेट्रॉन हा आतल्या महागड्या भागांपैकी एक, त्यामुळे हे ऐकून अनेक जण दुरुस्तीचा नाद सोडून नवीन घ्यायला निघतात. त्याआधी घरच्या घरी काय काय पाहता येतं आणि कुठे थांबायचं, हे माहीत असलेलं बरं.

मायक्रोवेव्हच्या डब्यात खरं तर दोन यंत्रं नांदतात. एक साधंसुधं: दिवा, पंखा, थाळीची मोटर, घड्याळ, बटणं. हे घरच्या २३० व्होल्टच्या किंवा त्याहून कमी दाबाच्या विजेवर चालतं. दुसरं त्याच विजेचा दाब चार हजार व्होल्टच्या आसपास नेऊन त्यातून लहरी तयार करतं: ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, डायोड आणि मॅग्नेट्रॉन. (नव्या इन्व्हर्टर मॉडेलमध्ये जड ट्रान्सफॉर्मरच्या जागी एक सर्किट बोर्ड असतो; दाब तेवढाच.) थाळी फिरते आणि अन्न थंड राहतं, याचा अर्थ पहिलं यंत्र ठणठणीत आहे, बिघाड दुसऱ्यात आहे किंवा पहिल्याकडून दुसऱ्याकडे वीज जाते त्या वाटेवर. सगळंच ठप्प असेल तर आधी भिंतीतल्या पॉइंटकडे बघायचं.

आता थांबायचं कुठे, तर बाहेरच्या पत्र्याच्या स्क्रूपाशी. पत्रा उघडायचा नाही. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार शिल्लक असू शकतो. तो हळूहळू जिरवायला आत एक छोटा रोधक बसवलेला असतो खरा, पण तो निकामी झाला असेल तर बाहेरून कळायला मार्ग नसतो. मिक्सर उघडणारा, इस्त्रीची कॉइल बदलणारा हुन्नरी माणूस प्रत्येक घरात एक तरी असतो. या यंत्रापासून त्याला लांब ठेवा. व्हिडिओ बघून दुरुस्त करण्याजोगी वस्तू ही नव्हे.

चार हजार व्होल्टइतका दाब लागतो, कारण मॅग्नेट्रॉन मुळात स्वयंपाकघरासाठी घडलेलाच नाही. १९४० मध्ये ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी त्याला कामाचं रूप दिलं, ते रडारसाठी. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांनी त्याच लहरींनी अन्न तापवण्याच्या पद्धतीचं पेटंट मागितलं. १९४७ मध्ये बाजारात आलेलं पहिलं यंत्र माणसाच्या उंचीचं आणि सुमारे ३४० किलो वजनाचं होतं. ओट्यावर मावेल असं मॉडेल यायला १९६७ उजाडलं. आकार घटला, आतलं तत्त्व मात्र तेच राहिलं. तापलेल्या तारेतून सुटणारे इलेक्ट्रॉन चार हजार व्होल्टच्या ओढीने बाहेर धावतात, दोन लोहचुंबक त्यांना गोल वळवतात, आणि तांब्याच्या ठोकळ्यात कोरलेल्या कप्प्यांसमोरून जाताना ते तिथे सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा हेलकावणारी लहर उठवतात. ही लहर पत्र्याच्या एका बोगद्यातून आपल्या जेवणाच्या कप्प्यात येते.

अन्न ‘आतून शिजतं’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. तसं नसतं. लहरी बाहेरूनच शिरतात, साधारण दोन-तीन सेंटिमीटर खोलवर पाण्याच्या रेणूंना घुसळून तापवतात, आणि त्यापुढची ऊब नेहमीच्या रीतीने आत झिरपते. म्हणून फ्रिजमधला भाताचा घट्ट गोळा कडेला वाफाळतो आणि मधे गार राहतो. हा बिघाड नव्हे. भात मोकळा करून पसरा, मधे खळगा करा, निम्म्या वेळेला एकदा हलवा.

गरम-गार असं ठिगळ पडण्याला आणखी एक कारण आहे आणि ते पापडाने छान दिसतं. काचेची थाळी आणि तिच्याखालची चाकांची रिंग काढून घ्या. मधल्या फिरत्या खुंटीला लागणार नाही अशा बेताने एक काचेचं पसरट भांडं उपडं ठेवा, म्हणजे वरची वस्तू स्थिर राहील. त्यावर मोठा उडदाचा पापड ठेवून पूर्ण पॉवरवर वीस-तीस सेकंद चालवा आणि दारातून बघत राहा. पापड एकसारखा फुलत नाही. दोन-तीन ठिकाणी पांढरे फुगलेले डाग उमटतात, मधले पट्टे कच्चे, पिवळट, जसेच्या तसे राहतात. डाग करपायच्या आत बंद करा. लहरी चारी भिंतींवर आपटून एकमेकींत मिसळतात. काही जागी जोर वाढतो, काही जागी मावळतो. या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन जोरकस जागांमध्ये ढोबळमानाने तिच्या निम्मं, म्हणजे सहाएक सेंटिमीटर अंतर पडतं. थाळी फिरते ती अन्नाला या सगळ्या जागांवरून नेण्यासाठी. थाळी अडली की निम्मं जेवण कच्चं राहणार हे ओघाने आलंच. थाळी अडण्याचं कारणही सहसा क्षुल्लक असतं: रिंगेच्या चाकाखाली अडकलेलं शीत, सांडून वाळलेली आमटी, किंवा झिजलेली मधली खुंटी. रिंग धुवा, खालची गोल खाच पुसा, खुंटी तुटली असेल तर त्याच मॉडेलची मागवा. एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागतं.

आता ठिणग्यांकडे येऊ. लोक घाबरतात ते याला, आणि उपाय बहुधा याच्याच सगळ्यात सोपा असतो. आतल्या उजव्या भिंतीकडे नीट पाहा. तळहाताएवढा किंवा त्याहून लहान, करड्या-चंदेरी रंगाचा, पुठ्ठ्यासारखा दिसणारा चौकोन तिथे बसवलेला दिसेल. हा अभ्रकाचा, म्हणजे मायकाचा पत्रा. लहरींना तो आरपार जाऊ देतो आणि वाफ, तेल, शिंतोडे मात्र मागच्या बोगद्यात जाऊ देत नाही. आपल्याकडच्या स्वयंपाकात तेल आणि फोडणी पहिल्या नंबरावर, त्यामुळे झाकण न ठेवता तापवलेल्या भाजीचे शिंतोडे आधी याच पत्र्यावर बसतात. तेलकट हळदीचा डाग पुन्हा पुन्हा तापतो, करपतो आणि त्याचा कोळसा होतो. कोळसा वीज वाहतो. एका दिवशी तिथे चट् चट् आवाज होऊन निळी-पिवळी ठिणगी दिसते, जळका वास येतो आणि पत्र्याला काळ्या कडांचं भोक पडतं. तरीही तसंच चालवत राहिलं तर मागचा बोगदा आणि शेवटी मॅग्नेट्रॉनचं टोकच जळतं. थोडक्यात, मॅग्नेट्रॉन जातो तो कधी कधी या स्वस्तातल्या पत्र्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

डाग नुसता तेलकट असेल तर प्लग काढून, किंचित ओल्या फडक्याने हलकेच पुसा. अभ्रक थरांचा असतो, घासला की सोलून निघतो. काळा पडून जळला असेल तर मायक्रोवेव्ह चालवू नका, पत्रा बदला. सुट्या भागांच्या दुकानात त्याचा मोठा तुकडा मिळतो. जुन्या पत्र्यावर धरून, तसाच कात्रीने कापून बसवतात. अनेक मॉडेलमध्ये तो जेवणाच्या कप्प्याच्या आतूनच एका स्क्रूने किंवा प्लास्टिकच्या खिट्टीने धरलेला असतो आणि बाहेरचा पत्रा उघडावा लागत नाही. तरी माहितीपुस्तिकेत त्याला हात लावू नका असं लिहिलं असेल तर मेकॅनिकला बोलवा, काम दहा मिनिटांचंही नाही. पत्र्याशिवाय चालवणं किंवा त्या जागी प्लास्टिक, पुठ्ठा लावणं हे कधीही नको.

ठिणग्यांची दुसरी कारणं आपण स्वतः आत ठेवतो. सोनेरी काठाचा कप, भांड्यावर राहिलेला फॉइलचा तुकडा, वाटीत विसरलेला चमचा. स्टीलची वाटी ठेवली की प्रत्येक वेळी ठिणगी उडतेच असं नाही. गुळगुळीत गोल धातूपेक्षा टोकं, पातळ कडा आणि भिंतीला जवळजवळ टेकलेला धातू जास्त त्रास देतात. पण स्टीलमध्ये लहर शिरत नाही, वरण फक्त वरूनच तापतं, तेव्हा फायदाही काही नाही. कन्व्हेक्शनच्या मॉडेलबरोबर येणारी लोखंडी जाळी भाजण्यासाठी असते. नुसत्या मायक्रोवेव्हवर जाण्याआधी ती आठवणीने बाहेर काढा. मेलामाइनची डिश धातूची नसते, पण स्वतःच तापते आणि तडकते.

आतल्या रंगाचे टवके उडाले असतील तर त्या जागी गंज चढतो, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत आणि पावसाळ्यात. गंजाच्या कडेवरही ठिणगी पडते. म्हणून तारेची घासणी आत वापरायची नाही. ती रंग खरवडते आणि तिचा एखादा तुटका तंतू आत राहिला तर तोच ठिणगी पाडतो. स्वच्छतेचा साधा उपाय वाफेचा. काचेच्या वाडग्यात दोन कप पाणी, त्यात लिंबाच्या फोडी आणि एक लाकडी चमचा. चमचा महत्त्वाचा, कारण गुळगुळीत भांड्यातलं पाणी कधी कधी न उकळताच उकळबिंदूच्या पुढे तापतं आणि हलवल्याबरोबर अंगावर उसळतं. पाच मिनिटं चालवा आणि दार न उघडता आणखी पाच मिनिटं तसंच ठेवा. नंतर ओल्या फडक्याने पुसलं की वाळलेले डाग निघतात. तापवताना अन्नावर झाकण ठेवलंत तर हे वरचेवर करावं लागणार नाही.

दाराबद्दल जरा सावकाश सांगायला हवं, कारण यंत्राची सगळी सुरक्षितता तिथे आहे. दाराच्या कडेला दोन हुक असतात. दार लावलं की ते चौकटीतल्या खाचांत शिरतात आणि आतले छोटे स्विच दाबतात. हे स्विच साधारण तीन असतात. दोन स्विच दार उघडताच वीज तोडतात. तिसरा पहारेकरी आहे: पहिले दोन चिकटून बसले आणि दार उघडूनही वीज चालू राहिली, तर तो मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. यंत्र मेलं तरी चालेल, लहरी बाहेर येता कामा नयेत, असा हिशेब. यावरून एक कामाची गोष्ट कळते. दार उघडता-लावताना फ्यूज उडाला असेल, तर दोष फ्यूजचा नसून स्विचचा असतो. नुसता फ्यूज बदलून पैसे मागणाऱ्या मेकॅनिकने दुरुस्ती केलेलीच नाही. तो फ्यूज पुन्हा उडणार. आणि जाड तार लावून ‘उडू नये’ अशी सोय कोणी करून दिली असेल, तर त्याने तुमचा पहारेकरीच काढून टाकला असं समजा.

हे स्विच लवकर झिजतात ते आपल्या एका सवयीमुळे. वेळ संपायच्या आत घाईने दार ओढून उघडायचं आणि मागाहून उरलेली वेळ रद्द करायची. चालू प्रवाह तुटताना स्विचच्या टोकांवर प्रत्येक वेळी बारीक ठिणगी पडते आणि टोकं जळत जातात. आधी ‘स्टॉप’ दाबा, मग दार उघडा. दार आपटू नका, उघड्या दारावर गरम पातेलं टेकवू नका.

‘रेडिएशन बाहेर येतं का?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. दाराच्या काचेत जी बारीक जाळी दिसते तिची भोकं एक-दोन मिलिमीटरची. १२ सेंटिमीटरची लहर त्यातून निसटत नाही. दाराच्या चौकटीभोवतीही लहर अडवणारी एक खाच बनवलेली असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार यंत्रापासून ५ सेंटिमीटरवर गळती दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटच्या आत असावी लागते आणि अंतर वाढेल तशी ती झपाट्याने घटते. मायक्रोवेव्ह चालू असताना वाय-फाय अडखळतं ते दोघं जवळपास एकाच फ्रीक्वेन्सीवर असल्याने. त्यावरून गळती धोकादायक आहे असं ठरत नाही. आत मोबाइल ठेवून रिंग वाजते का बघायचं, ही चाचणीही कुचकामी. फोनला पुरणारा सिग्नल इतका क्षीण असतो की त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. खरी चिन्हं डोळ्यांना दिसतात: बिजागरी सैल, दार तिरकं, हुक तुटलेला, काचेला तडा, चौकटीवर गंज. यातलं एकही दिसलं, किंवा दार उघडं असतानाही यंत्र तापवत असल्याचा नुसता संशय आला, तरी प्लग काढा आणि दुरुस्त होईपर्यंत लावू नका.

बाहेरच्या बाजूचे त्रास बहुतेक आपल्या घरच्या व्यवस्थेतून येतात. ८०० वॅटचा म्हणून घेतलेला मायक्रोवेव्ह भिंतीतून १२०० वॅटच्या आसपास वीज घेतो; उरलेल्याची उष्णता होते आणि मागचा पंखा ती बाहेर टाकतो. आपण मात्र यंत्र ट्रॉलीच्या खणात कोंबतो, वर विणलेला रुमाल, त्यावर लोणच्याच्या बरण्या. पंख्याला श्वास मिळाला नाही की जास्त तापल्यावर वीज तोडणारा आतला स्विच उघडतो आणि यंत्र मधेच बंद पडतं. गार झालं की बहुधा पुन्हा चालतं. मागे आणि बाजूला निदान वीतभर नाही तरी चार बोटं, आणि वर त्याहून जास्त जागा मोकळी सोडा. नेमकं अंतर माहितीपुस्तिकेत असतं. प्लग मोठ्या, १६ अँपिअरच्या पॉइंटला थेट लावा, मल्टिप्लगला नको. दोन मिनिटं चालवून प्लगला हात लावून बघा; गरम लागला तर पॉइंट सैल आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

झुरळांचं काय करायचं हा खास आपला प्रश्न. मागच्या झडपांतून ती आत शिरतात आणि उबदार कंट्रोल बोर्डावर संसार थाटतात. घड्याळाचे आकडे अर्धवट दिसू लागले, एक बटण दाबलं की दुसरंच लागलं, तर त्यांच्यावर संशय घ्यायला हरकत नाही. झडपांवर फवारा मारू नका, तो पेट घेऊ शकतो. जेलचे ठिपके यंत्राच्या आजूबाजूला लावा आणि रात्री ओटा कोरडा ठेवा. आणि कुठलंच बटण चालत नसेल, पण घड्याळ नीट दिसत असेल, तर आधी चाइल्ड लॉक बघा. किल्लीचं चिन्ह किंवा एखादं अक्षर पडद्यावर दिसतं. ठरलेलं बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की सुटतं.

आता थाळी फिरूनही थंड राहणाऱ्या वरणाकडे. एक कप पाणी आत ठेवा, पूर्ण पॉवरवर चालवा आणि कान द्या. जुन्या धाटणीच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या यंत्रात सुरुवातीला नुसता पंखा ऐकू येतो, दोन-तीन सेकंदांनी आवाज जड, खर्जातला होतो. तेव्हा मॅग्नेट्रॉन काम करू लागलेला असतो. आवाज जड झालाच नाही, तर वीज दुसऱ्या यंत्रापर्यंत पोचतच नाही: दाराचा स्विच किंवा रिले. आवाज नेहमीपेक्षा फारच मोठा, गुरगुरल्यासारखा झाला आणि पाणी थंडच राहिलं, तर डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट झाला असावा. लगेच बंद करा. हे दोन्ही भाग मॅग्नेट्रॉनपेक्षा बरेच स्वस्त. आवाज अगदी नेहमीसारखा आणि पाणी कोमटच, असं असेल तेव्हा मात्र मॅग्नेट्रॉनकडे बोट दाखवायला जागा आहे. अशा यंत्रात कमी पॉवरवर दर काही सेकंदांनी आवाज चालू-बंद होतो तो दोष नाही. निम्मी पॉवर म्हणजे पूर्ण जोराने निम्मा वेळ, इतकंच.

‘पूर्वीसारखा तापत नाही’ ही तक्रार मोजून बघता येते. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात बरोबर एक लिटर पाणी घ्या, तापमान बघा, पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं चालवा, ढवळा, पुन्हा बघा. वाढलेल्या अंशांना ३५ ने गुणलं की वॅट मिळतात. ८०० वॅटच्या यंत्रात पाणी २७ अंशांवरून ५० च्या जवळ जायला हवं. भांडंही थोडी उष्णता खातं, तेव्हा दोन-तीन अंश कमी आले तर सोडून द्या. जेमतेम दहा अंश वाढले तर दुखणं खरं आहे. थर्मामीटर स्वयंपाकाचाच हवा, तापाचा ४२ अंशांपुढे जात नाही. चाचणी संध्याकाळी करू नका. तेव्हा व्होल्टेज पडलेलं असलं तर ट्रान्सफॉर्मरवाला मायक्रोवेव्ह बिचारा निर्दोष असूनही ढिला पडतो.

मेकॅनिक आला की त्याला आवाजाचं आणि या आकड्याचं सांगा. नुसतं ‘चालत नाही’ सांगणाऱ्याला एक उत्तर मिळतं, आणि ‘पाणी नऊच अंश वाढलं, आवाज जड होतोय’ असं सांगणाऱ्याला दुसरं. काढलेला जुना भाग मागून घ्या. जुनं बिलही शोधून ठेवा, बऱ्याच कंपन्या मॅग्नेट्रॉनला बाकी यंत्रापेक्षा जास्त वर्षांची वॉरंटी देतात. स्विच, मायका, खुंटी, फ्यूज, डायोड यांसाठी आठ-दहा वर्षांचा मायक्रोवेव्हही दुरुस्त करावा. वॉरंटी संपल्यावर मॅग्नेट्रॉन गेला असेल, किंवा आतला पत्रा गंजून आरपार गेला असेल, तर माझ्या मते त्यावर खर्च करू नये. आणि टाकून देताना तो रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. तांब्यासाठी हातोडीने फोडताना त्या कपॅसिटरशी गाठ त्याचीच पडणार असते. नवीन घेताना दुकानदाराला जुना परत नेण्याबद्दल विचारा, नाहीतर अधिकृत ई-कचरा केंद्रात पोचता करा.